जुनी स्टेशन वॅगन मागून पुढे तपासा: नेहमीचे दोष, दुरुस्ती आणि लागणारा खर्च

स्टेशन वॅगनला, म्हणजे सेडानचे छत मागपर्यंत नेऊन डिकी केबिनला जोडलेल्या गाडीला, भारतीय ग्राहकाने कधीच फारसे जवळ केले नाही. टाटांनी १९९२ साली इस्टेट आणली आणि २००४ साली इंडिगोच्या पायावर मरीना आणली. मारुतीची बलेनो अल्टुरा आणि स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी याही येऊन गेल्या, पण सेडानच्या तुलनेत या सगळ्यांचा खप किरकोळच राहिला. त्यामुळे ठाणे किंवा नवी मुंबईत आज एखादी जुनी वॅगन विकायला निघाली, तर ती बहुधा मरीनाच असते आणि तिची किंमत लाखाच्या आतबाहेर सांगितली जाते. मागची सीट पाडली की घरगुती सामान, सायकल किंवा केटरिंगची भांडी सहज मावतील एवढी जागा या पैशांत दुसऱ्या गाडीत मिळत नाही, म्हणून तिला अजूनही गिऱ्हाईक आहे.

गाडी घेण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. वॅगनच्या पुढच्या अर्ध्या भागाचे सामान मिळते, मागच्या अर्ध्याचे मिळत नाही. मरीनाचे इंजिन, गिअरबॉक्स, क्लच, ब्रेक आणि पुढचे सस्पेन्शन हे इंडिका-इंडिगोच्या घराण्यातले आहेत. त्या गाड्या टॅक्सी म्हणून वर्षानुवर्षे धावल्यामुळे वागळे इस्टेटपासून तुर्भ्यापर्यंत स्पेअर पार्टच्या बहुतेक दुकानांत त्यांचे सामान मिळते, आणि ते हातावेगळे करणारा मेकॅनिकही मिळतो. डिकीचा दरवाजा, त्याची काच, मागचे दिवे आणि मागच्या बाजूच्या काचा मात्र फक्त मरीनाच्याच आहेत. त्या मुळात कमी बनल्या आणि आता भंगारातच शोधाव्या लागतात. बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकण्यापासून सुरुवात करणारा ग्राहक म्हणूनच उलट्या टोकाने निघतो. इंजिनाचे काम पैसे टाकून होते. सडलेल्या डिकीचे काम पैसे टाकूनही होईलच असे नाही.

पुढे दिलेले खर्चाचे आकडे स्वतंत्र गॅरेजमध्ये मरीनासारख्या गाडीला सामान आणि मजुरी धरून साधारण किती पडेल याचे अंदाज आहेत. कंपनीचा माल घेतला की आकडा वर जातो, लोकल माल घेतला की खाली येतो. ऑक्टाव्हियासाठी बहुतेक ठिकाणी दुप्पट-तिप्पट धरावे.

पहिली पायरी: डिकी

डिकी पूर्ण रिकामी करून घ्यावी. विक्रेता "सामान आहे, नंतर बघा" म्हणाला तर दुसऱ्या दिवशी यावे, पण ही पायरी सोडू नये. खालचा गालिचा आणि त्याखालचा पुठ्ठा उचलून स्टेपनी बाहेर काढावी आणि तिच्या खोबणीत हात फिरवावा. तिथे ओल, चिखलाची रेघ किंवा पत्र्यावर फुगलेला रंग आढळला, तर पाणी कित्येक पावसाळे आत येत आहे असे समजावे. ठाणे आणि नवी मुंबईत चार महिने धो-धो पाऊस आणि उरलेले आठ महिने खाडीवरची खारी, दमट हवा असते. खोबणीत साचलेले पाणी इथे आपोआप सुकत नाही.

पाणी कुठून येते हे शोधायला दोन माणसे लागतात. एकाने टॉर्च घेऊन डिकीत बसावे, दार लावून घ्यावे आणि दुसऱ्याने नळी लावून आधी छतावर, मग डिकीच्या कडेवर, मग मागच्या दिव्यांवर असे एकेका ठिकाणी पाच-पाच मिनिटे पाणी सोडावे. एकाच वेळी सगळीकडे पाणी मारले तर गळती दिसते, पण उगम कळत नाही. बहुधा तीनपैकी एक जागा सापडते: कडक होऊन चपटे झालेले डिकीचे रबरी बीडिंग, मागच्या दिव्यामागचे गॅस्केट, किंवा छतावरच्या रेलिंगचे स्क्रू. बीडिंग बदलण्यास ८०० ते १,८०० रुपये लागतात. दिवे उतरवून सीलंट लावण्याचे काम त्याहूनही स्वस्त आहे. गळती न थांबवता आतून रंग मारून घेणे हा शुद्ध अपव्यय आहे.

यानंतर गंज मोजावा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने खोबणीचा तळ, मागच्या चाकांवरच्या कमानी आणि डिकीच्या दरवाजाची खालची दुमड हलकेच ठोकत जावे. पत्रा शाबूत असेल तिथे टणक आवाज येतो. सडलेल्या जागी आवाज बसका येतो आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. दरवाजाच्या खालच्या दुमडीत पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात. ती मातीने बुजली की पाणी आत साचते आणि दरवाजा आतून बाहेर सडत येतो, म्हणून बाहेरून दिसणाऱ्या एका फोडामागे आत वीतभर पत्रा गेलेला असू शकतो. तळाचा किंवा कमानीचा एक तुकडा कापून नवा पत्रा वेल्डिंगने बसवण्यास डेंटर ३,००० ते ६,००० रुपये घेतो, रंगकाम वेगळे. मागचा शॉकअप वरच्या बाजूला बॉडीत जिथे बसतो त्या जागेचा पत्रा सडला असेल, तर मात्र गाडी सोडून द्यावी. सगळा मागचा भार तिथे तोलला जातो आणि तिथली ठिगळबाजी जिवावर बेतू शकते.

डिकीचा दरवाजा उघडा ठेवून वरच्या बिजागरीजवळची रबरी नळी पाहावी. छतातून दरवाजात जाणाऱ्या सगळ्या वायर तिच्यातून जातात आणि दरवाजा हजारो वेळा उघडला-मिटला की त्या नेमक्या वाकण्याच्या जागी तुटतात. नळीचे एक टोक हलकेच उपसून मागे सारले की प्लास्टिक तडकलेले आणि आतले तांबे हिरवट पडलेले दिसते. मागचा वायपर बंद, काचेचा डिफॉगर बंद, नंबर प्लेटचा दिवा कधी लागतो कधी नाही, सेंट्रल लॉक डिकीपुरते चालत नाही, अशी चार वेगवेगळी दुखणी विक्रेता सांगत असेल तर ती बहुतेक वेळा एकच असते. इलेक्ट्रिशियनने प्रत्येक वायरला नवा लवचिक तुकडा सोल्डर करून जोडावा; नुसते पिळून टेप गुंडाळलेले काम एका पावसाळ्यापलीकडे टिकत नाही. या कामाला ८०० ते २,००० रुपये पुरतात, आणि फ्यूज वारंवार उडण्याचा त्रासही पुष्कळदा इथेच संपतो.

दरवाजा वर धरून ठेवणारे दोन गॅस शॉकअप थकले की दरवाजा डोक्यात पडतो. मरीनाचेच म्हणून ते मागितले तर दुकानदार मान हलवतो. पण त्यांच्या नळीवर न्यूटनमधला आकडा छापलेला असतो; तो आकडा, पूर्ण उघडलेली लांबी आणि टोकांच्या वाट्यांचा प्रकार जुळला की दुसऱ्या गाडीची जोडीही चालते. जोडीला १,५०० ते ३,००० रुपये पडतात.

दुसरी पायरी: गाडी रॅम्पवर

सर्व्हिस स्टेशनवाल्याला दोन-तीनशे रुपये देऊन गाडी रॅम्पवर चढवून घ्यावी. खालून नवाकोरा काळा अंडरकोट चमकत असेल तर खूश होण्याऐवजी संशय घ्यावा आणि तो कधी, कोणाकडे मारला ते विचारावे. गंज खरवडून, प्रायमर लावून केलेले कोटिंग उपयोगाचे असते आणि ३,००० ते ५,००० रुपयांत होते. गंजावरच मारलेले कोटिंग ओल आत कोंडून ठेवते.

वॅगनचा मागचा भाग सेडानपेक्षा जास्त राबलेला असतो, कारण लोक ती ओझ्यासाठीच घेतात. सपाट जागेवर दोन्ही मागच्या चाकांच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजावे. दोन बाजूंत बोटभर फरक असेल तर एका बाजूची स्प्रिंग बसली आहे किंवा तुटली आहे. मागचे टायर आतल्या कडेने जास्त झिजलेले असतील, तर मागच्या चाकांना धरणाऱ्या आर्मचे रबरी बुश गेलेले असतात आणि नुसत्या अलाइनमेंटने तो दोष जात नाही. मागचे दोन्ही शॉकअप बदलण्यास ४,००० ते ७,००० आणि बुशचे काम मजुरीसह २,५०० ते ४,५०० रुपयांत होते. स्प्रिंग बदलायची झाल्यास जोडीनेच बदलावी.

मागच्या ब्रेकचे ड्रम उघडून व्हील सिलिंडरच्या रबराभोवती ओल आहे का ते पाहावे. ब्रेक ऑइल शूवर उतरले की एक चाक उशिरा पकडते आणि भरलेली वॅगन पावसात आडवी जाते. दोन्ही बाजूंचे सिलिंडर आणि शू मिळून २,५०० ते ४,००० रुपयांत बदलून होतात. यात काटकसर करू नये.

तिसरी पायरी: रस्ता

विक्रेता नवी मुंबईतला असेल तर तो चाचणीसाठी हमखास पाम बीच रोडवर नेतो. रस्ता सरळ आणि सपाट असल्यामुळे तिथे कोणतीही गाडी चांगलीच वाटते. सस्पेन्शन ऐकायचे असेल तर काचा खाली करून, स्टीरिओ बंद ठेवून घोडबंदर रोडच्या सर्व्हिस रोडवर किंवा तुर्भे एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यांवर दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश फिरावे. खड्ड्यात पुढून "टक" असा एकच आवाज आला तर लिंक रॉड किंवा बॉल जॉइंट, आणि स्टीअरिंग वळवताना सलग टकटक आली तर अ‍ॅक्सलचा जॉइंट. पुढचे लोअर आर्म, बॉल जॉइंट आणि लिंक रॉड एकत्र केले तरी ५,००० ते ८,००० रुपयांत काम आटोपते, कारण हे सारे इंडिकाचेच सामान आहे.

क्लच तपासायला चढ हवा. बेलापूरच्या पारसिक हिलवर किंवा घोडबंदरच्या गायमुख घाटात गाडी तिसऱ्या गिअरमध्ये घालून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा; इंजिनाचा आवाज चढला पण गाडी त्या मानाने उचलली नाही, तर क्लच प्लेट घसरते आहे. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असा पूर्ण संच मजुरीसह ७,००० ते १०,००० रुपयांत बसतो. गिअरबॉक्स उतरवलेलाच असतो, म्हणून त्याच वेळी इंजिनाचे मागचे ऑइल सीलही बदलून घ्यावे. सीलची किंमत मजुरीपुढे काहीच नाही.

चौथी पायरी: पाणी, रेडिएटर आणि हेड

मरीनाच्या डिझेल इंजिनाचे, म्हणजे इंडिकापासून चालत आलेल्या १,४०५ सीसी इंजिनाचे, खरे वैरी म्हणजे उष्णता आणि निष्काळजीपणा. कूलंटऐवजी वर्षानुवर्षे नळाचे पाणी ओतलेल्या गाडीत रेडिएटरच्या नळ्या क्षाराने बुजतात, पंख्याचा स्विच दगा देतो आणि मुंब्रा बायपासवर ट्रकांच्या रांगेत तासभर अडकल्यावर तापमानाचा काटा वर चढतो. तशा अवस्थेत दहा मिनिटे जास्त चालवली की हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, वाकते किंवा त्याखालचे गॅस्केट उडते.

परीक्षा साधी आहे, पण गाडी रात्रभर उभी असली पाहिजे. विक्रेत्याने आधीच सुरू करून गरम ठेवली असेल तर परत यावे. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. थंड इंजिनावर झाकण काढून आतल्या पाण्याचा रंग पाहावा: हिरवा, निळा किंवा गुलाबी असेल तर कूलंट आहे, विटकरी असेल तर गंज. त्यावर तेलाचा तवंग नाही ना, तेही पाहावे. झाकण उघडे ठेवूनच इंजिन सुरू करायला सांगावे. सुरुवातीची थोडी हवा निघून गेल्यावरही पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, तर सिलिंडरमधला दाब पाण्यात शिरतो आहे. मग इंजिन ऑइलचे झाकण उलटे करून पाहावे. आत दुधाळ, तपकिरी मलई जमली असेल तर पाणी तेलात मिसळले आहे. पावसाळ्यात रोज थोडेच अंतर चालणाऱ्या गाडीत थोडी मलई नुसत्या दमटपणानेही जमते, म्हणून एकाच खुणेवर निकाल देऊ नये. दोन खुणा जुळल्या तर हेड उघडावे लागणार हे धरून चालावे.

हेड उतरवणे, लेथवर फेसिंग करणे (म्हणजे त्याचा तळ सपाट करणे), गॅस्केट संच, व्हॉल्व्ह सील, नवे बोल्ट, तेल-कूलंट आणि मजुरी मिळून ९,००० ते १५,००० रुपये लागतात. हेडला तडा गेलेला असेल तर जुने किंवा नवे हेड धरून २५,००० रुपयांपर्यंत तयारी ठेवावी. फेसिंगपूर्वी हेडची प्रेशर टेस्ट करून घ्यावी आणि ती आपल्यासमोर व्हावी असा आग्रह धरावा, कारण तडा गेलेल्या हेडवर केलेले फेसिंग वाया जाते. नवा अ‍ॅल्युमिनियम रेडिएटर ३,००० ते ५,००० रुपयांत मिळतो. जुना बाहेरून धुऊन पुन्हा बसवण्यात मला काहीच अर्थ दिसत नाही.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, काढून टाकणे ही आपल्याकडची आवडती क्लृप्ती आहे. तो काढला की काटा खाली राहतो आणि गिऱ्हाईक समाधानी होते. पण इंजिन योग्य तापमानाला कधी पोहोचतच नाही, डिझेल जास्त खाते, धूर सोडते, आणि बुजलेला रेडिएटर तसाच दडून राहतो. अर्धा तास चालवूनही काटा तळालाच चिकटलेला असेल तर हाच प्रकार समजावा. नवा थर्मोस्टॅट हजार रुपयांच्या आत बसतो.

पाचवी पायरी: बेल्ट, पंप आणि इंधन

पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणारा टायमिंग बेल्ट कधी बदलला याचे बिल नसेल तर तो बदललेला नाही असेच मानावे. तो चालत्या गाडीत तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिनाचे काम चाळीस हजारांच्या घरात जाते. बेल्ट आणि टेन्शनर ३,००० ते ५,००० रुपयांत होतात, आणि त्याच उघडझापीत वॉटर पंपही पाहून घ्यावा. ऑक्टाव्हियाच्या १.९ टीडीआय डिझेल इंजिनाला हेच काम १५,००० ते २५,००० रुपयांना पडते, पण तिथेही ते टाळणे परवडत नाही.

सकाळी पहिल्या सेल्फला गाडी अडखळून, पांढरा धूर सोडत सुरू झाली तर आधी थंड इंजिन सुरू होण्यासाठी सिलिंडर तापवणारे हीटर प्लग तपासावेत. चारही मिळून दोन हजारांच्या आसपास बदलतात. चढावर काळा धूर येत असेल तर एअर फिल्टर आणि टर्बोच्या नळ्या पाहिल्यानंतरच डिझेल फवारणारे नोझल आणि त्यांना डिझेल पुरवणारा पंप यांच्याकडे वळावे. पंपाचे काम नेहमीच्या गॅरेजमध्ये न करता डिझेल पंप तपासण्याचे यंत्र (बेंच) असलेल्या दुकानातच द्यावे. हे पंप बनवणाऱ्या बॉशच्या भारतातील कंपनीचे नाव २००८ पर्यंत मायको होते आणि जुने मिस्त्री अजूनही "मायकोचा पंप" म्हणतात. दुकान शोधताना ते नाव विचारले तरी पत्ता सापडतो. पंप आणि चार नोझल मिळून १०,००० ते १८,००० रुपये धरावेत.

पेट्रोल मरीना किंवा अल्टुरा असेल तर इंधनाचे जुने रबरी पाइप सरसकट बदलावेत. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि त्या काळातले रबर त्यासाठी बनवलेले नव्हते.

सहावी पायरी: एसी आणि वायरिंग

एसी नुसता थंड आहे असे पाहून थांबू नये; वीस मिनिटे उभ्या गाडीत चालवून पाहावा. गॅस भरणे दीड-दोन हजारांचे काम आहे, पण गॅस कुठून गेला हे न शोधता भरलेला गॅस महिन्याभरात पुन्हा जातो. कूलिंग कॉइल गळत असेल तर डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि बिल ६,००० ते ९,००० वर जाते. कॉम्प्रेसर रिपेअर केलेला ७,००० ते १०,००० रुपयांत मिळतो. सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या वायरी पावसाळ्यात उंदीर कुरतडतात. बॉनेटखाली ताज्या टेपच्या गाठी किंवा इंजिनावर लेंड्या दिसल्या तर वायरिंग इलेक्ट्रिशियनला दाखवावे.

सातवी पायरी: कागदपत्रे

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते आणि पुढे दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. मरीनाच्या वयाच्या गाडीचे एक नूतनीकरण तरी झालेले असलेच पाहिजे. आरसीवरची तारीख उलटून गेली असेल तर प्रत्येक महिन्याच्या उशिराला ५०० रुपये जास्त पडतात आणि ते विक्रेत्यानेच भरावेत असे व्यवहारात ठरवून घ्यावे. कारचे नूतनीकरण शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये आहे. वीस वर्षांपुढील कारसाठी ते २०२५ मध्ये १०,००० रुपये करण्यात आले. राज्याचा पर्यावरण कर निराळा. ठाण्यात एमएच-०४ आणि नवी मुंबईत एमएच-४३ च्या आरटीओ कार्यालयात गाडी प्रत्यक्ष तपासणीला न्यावी लागते, त्यामुळे दिवे, हॉर्न आणि धूर आधीच नीट करून घ्यावा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेटही लागते. कारसाठी तिचे शुल्क ७४५ रुपये अधिक जीएसटी आहे. दहा वर्षांच्या डिझेल गाडीवर बंदीची जी चर्चा कानावर येते, ती दिल्ली परिसरातील नियमाची आहे.

पैसे कोणत्या क्रमाने घालावेत

सगळी कामे एकदम काढली तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होतो. गाडी घेतल्यावर पहिल्या महिन्यात ब्रेक, टायमिंग बेल्ट, कूलंट आणि डिकीची गळती एवढेच करावे. साधारण १५,००० रुपये लागतात आणि गाडी निर्धास्त वापरता येते. सस्पेन्शन आणि क्लच लक्षणांप्रमाणे पुढच्या सहा महिन्यांत घ्यावे. पत्र्याचे वेल्डिंग पावसाळा संपल्यावर, दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत करून घ्यावे, कारण ओलसर पत्र्यावर मारलेला प्रायमर धरत नाही. संपूर्ण रंगकाम सगळ्यात शेवटी, आणि तेही जमले तर. तपासणीत निघालेली कामे मिळून गाडीच्या किमतीच्या निम्म्यापुढे जात असतील तर तेवढी रक्कम किमतीतून कमी करून मागावी. विक्रेता तयार नसेल तर दुसरी गाडी पाहावी.

विम्याचाही विचार यातच येतो. इतक्या जुन्या गाडीची विमा कंपनी धरत असलेली किंमत फारच थोडी असल्याने बहुतेक मालक फक्त सक्तीचा थर्ड पार्टी विमा काढतात, आणि त्यात डिकीची काच फुटली तर एक रुपयाही मिळत नाही. म्हणून गाडी नावावर झाली की कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील जुन्या सुट्या भागांच्या दुकानांत एकदा चक्कर मारावी. मागच्या दिव्यांची जोडी आणि डिकीची काच मिळाली तर तडे, कनेक्टर आणि डिफॉगरच्या रेषा तपासून, गरज नसतानाही घेऊन ठेवावी. एखाद्या रिक्षाने मागून धडक दिल्यानंतर शोधायला निघालेल्याला दुकानदार सांगेल तो भाव द्यावा लागतो.